दुसरा आणा

परवा बाजारपेठेतल्या एका कापड दुकानदाराचा फोन आला. माणूस जुन्या ओळखीचा. म्हणाला, "भाऊ, माझ्याकडं नऊ माणसं आहेत. त्यातली चार पंधरा-पंधरा वर्षांपासून. त्यांच्या म्हातारपणासाठी दर महिन्याला मी काही टाकायला तयार आहे, त्यांनीही थोडं टाकावं. पण टाकू कुठं? एजंट येतात ते पॉलिसीच काढतात."

पंचवीस वर्षं बातम्या लिहितोय. 'पेन्शन द्या' म्हणून निघालेले मोर्चे शेकड्यानं कव्हर केले. 'पेन्शनसाठी पैसे द्यायचेत' असं सांगणारा मालक पहिल्यांदाच भेटला. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण हा प्रश्न आपल्या गावातल्या प्रत्येक दुकानाचा, दवाखान्याचा, क्लासचा, पतसंस्थेचा आहे. आणि तो आजचा नाही, सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचा आहे. म्हणून जरा मागून सांगतो.

१५ नोव्हेंबर १९५१ ला केंद्र सरकारनं भविष्य निर्वाह निधीचा वटहुकूम काढला. १९५२ मध्ये त्याचा कायदा झाला. सुरुवातीला फक्त सहा उद्योग होते: सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कामगाराच्या पगारातून सव्वासहा टक्के कापायचे आणि तेवढेच मालकानं घालायचे. सव्वासहा टक्के हा आकडा विचित्र वाटतो ना? तेव्हाच्या हिशेबात तो अगदी सोपा होता. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयामागे एक आणा. एक आणा कामगाराचा, दुसरा आणा मालकाचा.

हा दुसरा आणा हीच या कायद्याची खरी ताकद. बचत काय, माणूस पोस्टातही करतो. पण तुम्ही राबलात त्यात मालकाचाही फायदा झाला, तेव्हा तुमच्या म्हातारपणाचा थोडा भार त्यानंही उचलावा, हे तत्त्व कायद्यात आलं.

पण दोन गोष्टी राहून गेल्या. पहिली म्हणजे ही पेन्शन नव्हतीच. कायद्याच्या उद्देशपत्रिकेतच प्रांजळपणे लिहिलं होतं की प्रगत देशांसारखी पेन्शन देणं हा आदर्श मार्ग ठरला असता, पण इथल्या परिस्थितीत ते नजीकच्या काळात शक्य दिसत नाही. मग काय, निवृत्तीला एकरकमी पैसे घ्या आणि घरी जा. मुंबईच्या गिरण्यांतून आयुष्य काढून कोकणात, घाटावर परतलेली माणसं आठवा. आलेला फंड पोरीच्या लग्नात नाहीतर घराच्या कौलांत गेला. १९७१ मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन आलं, पण ते कामगार गेल्यावर घरच्यांना. जिवंत म्हाताऱ्याच्या हातात दरमहा काही पडावं यासाठी १९९५ उजाडावं लागलं.

त्या १९९५ च्या योजनेचंही काय झालं ते आपण बघतोच. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळवले, पण पगाराला मर्यादा घातली. २०१४ मध्ये ती १५ हजार केली. त्या मर्यादेनं ३० वर्षांच्या नोकरीचा हिशेब मांडला तर महिन्याला सात हजारही होत नाहीत. किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरली, एक हजार. बुलडाण्यात ईपीएस-९५ च्या निवृत्तांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं ते उगाच नाही.

दुसरी राहिलेली गोष्ट आपल्या गावाशी थेट संबंधित. कायदा आधी ५० कामगारांच्या आस्थापनांना होता, १९६० मध्ये तो २० वर आला. वीस! आपल्या बाजारपेठेत वीस नोकर असलेली दुकानं किती? मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

आणि जिथं वीस आहेत तिथलंही सांगतो. माझी पहिली नोकरी एका छोट्या दैनिकातली, नाव सांगत नाही. कंपोझिंग, छपाई, पार्सल, संपादकीय धरून आम्ही चांगले तीसेक जण होतो. हजेरीपटावर मात्र एकोणीसच नावं. बाकीचे 'मानधनावर'. मी त्या बाकीच्यांत होतो. तिथं अठ्ठावीस वर्षं काढलेले एक काका निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि पाकिटात पाच हजार. पुढं ते बसस्टँडवर पेपर विकताना दिसायचे, तोच पेपर. मी मान खाली घालून दुसऱ्या दारानं जायचो. तेव्हा मला मालकाचा राग यायचा. आज वाटतं, आपण तीस जणांनी 'दुसरा आणा कुठंय?' असं एकदाही विचारलं नाही.

आता या गोष्टीला वळण लागतं ते १९९८ ला. केंद्रानं 'ओएसिस' नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि सेबीचे पहिले अध्यक्ष राहिलेले एस. ए. दवे यांच्याकडं सोपवला. २००० मध्ये अहवाल आला. विषय सरकारी नोकर नव्हतेच, तर पीएफच्या बाहेर राहिलेले लोक होते. शिफारस साधी होती: माणसाचं स्वतःचं खातं असावं, नोकरी आणि गाव बदललं तरी तेच चालावं, आणि खर्च कमीत कमी असावा.

पण राबवताना गाडी भलतीकडून सुरू झाली. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना एनपीएस लागली आणि जुनी पेन्शन गेली. मार्च २०२३ चा संप आठवतो ना, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'? मीही तहसीलसमोर उभा राहून लाइव्ह केलं होतं. ज्यांच्यासाठी मुळात विचार झाला, त्या तुमच्या-आमच्यासाठी दार उघडलं १ मे २००९ ला. मालकाला आपल्या कर्मचाऱ्यांच्या खात्यात हिस्सा टाकता येईल अशी 'कॉर्पोरेट' सोय आली २०११ च्या अखेरीस.

मग हे कुणी सांगितलं का नाही? कारण स्वस्ताईतच आहे. २००९ मध्ये फंड सांभाळायचं शुल्क होतं वर्षाला ०.०००९ टक्के. लाखामागे ९० पैसे! एवढ्यात कुठला एजंट तुमच्या दारात चप्पल झिजवणार? पुढं जी. एन. बाजपेयी समितीनंही हेच दुखणं दाखवलं की विकणाऱ्याला काही सुटतच नाही. मग शुल्क वाढलं, कमी झालं, पुन्हा वाढलं. २०२१ मध्ये कमाल ०.०९ टक्के ठरलं, म्हणजे लाखामागे ९० रुपये. त्यानंतरही फेरबदल झालेत, शिवाय खात्याचा आणि बँकेचा किरकोळ आकार वेगळा. तरीही वर्षाला दीड-दोन टक्के खाणाऱ्या योजनांपुढं हे किरकोळच.

दोन टक्क्यांनी काय होतं? कागद घ्या. कामगाराचे हजार, मालकाचे हजार, असे महिन्याला दोन हजार, २५ वर्षं. दोघांनी घातले ६ लाख. नुसतं समजायला परतावा ९ टक्के धरला तर होतात साधारण २२ लाख ४० हजार. खर्चात दोन टक्के गेले आणि हातात ७ टक्के पडले तर १६ लाख २० हजार. फरक सव्वासहा लाखांच्या घरात. म्हणजे दोघांनी मिळून जन्मभर घातलं, जवळपास तेवढंच कुणीतरी मधल्यामध्ये नेलं. आणि मालकानं काही टाकलंच नाही, तर नऊ टक्क्यांनीही सव्वाअकरा लाखांच्या आतच राहाल.

आता कुणी म्हणेल, ज्या एनपीएसविरुद्ध कर्मचारी रस्त्यावर आले तीच तुम्ही आम्हाला सुचवता? बरोबर प्रश्न आहे. सरकारी कर्मचाऱ्याचं तिनं पक्कं काहीतरी काढून घेतलं. कापड दुकानातल्या पोराकडं काढून घ्यायला काहीच नव्हतं. त्याच्यासाठी ती शून्यावरची बेरीज आहे. पण दोषही सांगितले पाहिजेत. परताव्याची हमी नाही, बाजार वर-खाली होतो. पैसे बरीच वर्षं अडकतात. शेवटी एक हिस्सा पेन्शन विकत घ्यायला द्यावाच लागतो. तो बरीच वर्षं किमान ४० टक्के होता. हे नियम बदलत राहतात, म्हणून सही करायच्या दिवशीचा नियम वाचा.

दुकानदाराला मी हेच सांगितलं. वीसपेक्षा कमी माणसं असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर पीएफमध्ये स्वेच्छेनं जाता येतं. तो पहिला पर्याय, पण टक्केवारी आणि कागदपत्रं पेलली पाहिजेत. पीपीएफमध्ये मालकाच्या हिश्श्याची सोय नाही. अटल पेन्शन कामगाराच्याच बँक खात्यातून कापली जाते. एनपीएसच्या कॉर्पोरेट सोयीत दोघं समान टाका, कमी-जास्त टाका, किंवा एकट्या मालकानं टाका, सगळं चालतं. कंपनीच पाहिजे असं नाही, भागीदारी फर्म, संस्था, एकट्याच्या मालकीचं दुकानही चालतं. त्यासाठी बँकेत नोंदणी करायची. कामगाराला बारा आकडी कायम क्रमांक मिळतो. उद्या तो पुण्याला गेला तरी खातं त्याचंच. मालकाला हा खर्च ठरावीक मर्यादेत धंद्याच्या खर्चात दाखवता येतो. ज्याला आयकर लागतो त्या कर्मचाऱ्याला मालकाच्या हिश्श्यावर वजावट मिळते. २०२४ च्या अर्थसंकल्पानं नव्या करप्रणालीत ती पगाराच्या १० वरून १४ टक्के केली.

शेठ थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण ती पोरं उद्या सोडून गेली तर माझे पैसे गेलेच की."

मी म्हटलं, "शेठ, पंधरा वर्षं गेली नाहीत ती. त्या पंधरा वर्षांचा आणा तर अजून तुमच्याकडंच आहे."

सोमवारी बँकेत जाऊ म्हणालेत. मी सोबत जाणार आहे. काय होतं ते इथंच लिहीन, झालं तरी आणि नाही झालं तरी.

तोवर एक काम करा. तुम्ही मालक असाल तर आपला हजेरीपट उघडा. नोकर असाल तर या महिन्याच्या पगाराला एवढंच विचारा: माझा आणा मी घालतो, तुमचा कुठंय?