मलमातून उगवलेले मुरूम

सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि मुले घामोळ्यांनी हैराण होतात. वयात आलेल्या मुलामुलींच्या चेहऱ्यावरचे मुरूमही पुष्कळदा याच ‘उष्णते’च्या नावावर खपवले जातात. वस्तुतः घामोळे हा घर्मग्रंथींचा विकार, तर मुरूम तैलग्रंथींचा. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे तैलग्रंथी मोठ्या होतात, केसाच्या छिद्राचे तोंड बुजते, आत तेल साचते, जिवाणू वाढतात आणि दाह होतो.

हा विकार जुनाच. सुश्रुतसंहितेत या पुळ्यांना ‘मुखदूषिका’ म्हटले असून त्या तरुणांना होतात व सावरीच्या काट्यांसारख्या दिसतात, अशी नोंद आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्यांत एका मानवनिर्मित प्रकाराची भर पडली.

१९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन हे स्टिरॉइड संधिवाताच्या रुग्णांना दिले. त्याचा गुण इतका विलक्षण होता की १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना मिळाले. १९५२ मध्ये सुल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून ते उपयुक्त असल्याचे दाखवले. पुढे कितीतरी अधिक तीव्र स्टिरॉइडे आली. १९७५ मध्ये क्लिगमन व विलिस यांनी काळे डाग फिकट करण्यासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचे मिश्रण सुचवले. डागांसाठीचे असे मिश्रण आपल्याकडे गोरेपणासाठी वापरले जाऊ लागले!

स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात व दाह दबतो. त्यामुळे सुरुवातीला चेहरा उजळ, नितळ भासतो. महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लाली येते, लव वाढते आणि नवे मुरूम उठतात. मलम थांबवले की आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. असे हे दुष्टचक्र आहे.

२०११ मध्ये भारतातील १२ केंद्रांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइड लावत होते. त्यांतील १०४ जणांनी ते मुरमांसाठीच लावले होते, आणि सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम होता मुरूम येणे किंवा वाढणे! २५७ जणांना हा सल्ला डॉक्टरांनी दिलेला नव्हता. तीव्र औषधांचा वापर तरुणांत आणि ग्रामीण व उपनगरी भागांत अधिक होता.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, म्हणजे ‘अनुसूची एच’मध्ये आणली. तथापि मैत्रिणीने दिलेल्या ट्यूबपर्यंत कायदा पोहोचत नाही. शिक्षक पोहोचू शकतो. विद्यार्थ्यांना ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचायला शिकवावे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे दिसली तर ते मुरमांचे औषध नव्हे, हे त्यांना सांगावे. आधीपासून लावत असल्यास ते मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही सोय आहे. आणि ‘तोंड नीट धूत नाहीस का?’ हा प्रश्न वर्गात कोणालाही विचारू नये. त्या टोमण्यानेच कित्येक मुले ट्यूबकडे वळतात.