चामड्याचे कडे आणि लोखंडाचा टेकू



रस्त्याच्या कामावर खडी उतरविणारा जुना टिपर आपण सर्वांनी पाहिला आहे. ड्रायव्हर दांडा ओढतो, भरलेला हौदा पुढून सावकाश उचलला जातो आणि खडी मागे घसरते. हे ओझे उचलते कोण? इंजिन पंप फिरविते, पंप सिलिंडरात तेल दाबतो, तेल दट्ट्याला वर लोटते. परंतु ते तेल निसटू न देण्याचे काम एक लहानसे कडे करते. त्या कड्याचा इतिहास मी आज सांगणार आहे.

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व बाजूंना सारखाच पोचतो, हे फ्रान्सच्या पास्कलने दाखविले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. एक चौरस इंचाच्या दट्ट्यावर १० पौंड जोर लावला, तर १०० चौरस इंचाच्या दट्ट्यावर १,००० पौंड तोलले जातात. मात्र फुकट काहीच मिळत नाही. मोठा दट्ट्या १ इंच चढण्यासाठी धाकट्याला १०० इंच चालावे लागते!

तत्त्व ठाऊक झाले, तरी यंत्र व्हावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. लंडनमध्ये कुलपांचा कारखाना चालविणाऱ्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली पाण्याच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. पण दट्ट्या सैल ठेवला तर पाणी गळे, आणि घट्ट आवळला तर तो अडकून बसे. तोड निघाली ती चामड्याच्या वाटीसारख्या कड्याने. दाब वाढला की पाणीच त्याच्या कडा फाकवून भिंतीला घट्ट चिकटविते. दाब गेला की ते सैल पडते. पुढे हेन्री मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेल्या जेम्स नॅस्मिथने या युक्तीचे श्रेय मॉडस्लेला दिले आहे.

हा मॉडस्ले कोण? बाराव्या वर्षी वुलिचच्या शस्त्रागारात काडतुसे भरणारा पोर. ब्रामाकडे तो फोरमनपदास चढला. आठवड्याला ३० शिलिंगांत संसार भागेना, म्हणून त्याने वाढ मागितली. ती नाकारली गेली. १७९७ साली त्याने नोकरी सोडली व स्वतःचे दुकान थाटले. नॅस्मिथ, व्हिटवर्थ यांसारखे कारागीर पुढे त्याच्याच कारखान्यात घडले.

चामड्याच्या जागी पुढे रबर आले, पाण्याच्या जागी तेल आले. तत्त्व तेच राहिले. म्हणून जुन्या टिपरची निगा म्हणजे प्रथम त्या कड्याची निगा. हौदा खाली असतानाच टाकीतील तेल पाहावे. तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले असे समजावे. दट्ट्याचा दांडा पुसून ओरखडे व गंज पाहावा, कारण खरखरीत दांडा पॅकिंग कापतो. नळीला चिरा पडल्या असतील तर ती बदलावी. बिजागऱ्यांना ग्रीस द्यावे. उचललेला हौदा आपोआप बसू लागला, तर पॅकिंग किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे, हे ओळखावे.

आणि यांहून मोठी गोष्ट म्हणजे टेकू. “दहा मिनिटांचे तर काम,” म्हणून नुसत्या तेलाच्या भरवशावर हौद्याखाली शिरणारे फिटर मी पाहिले आहेत. नळी फुटली तर हाक मारण्यासही अवधी मिळत नाही. हौदा रिकामा करावा, वर उचलावा, लोखंडी टेकू लावावा, आणि मगच खाली डोके घालावे. टेकू नसेल तर काम थांबवावे.

तसे थांबणाऱ्या माणसाला कामचुकार म्हणू नका. मॉडस्लेच्या कौशल्याची किंमत त्याच्या मालकाला कळली नाही. ती चूक शिलिंगांत मोजता आली. हौद्याखालच्या माणसाच्या बाबतीत झालेली चूक कोणत्याही नाण्यात मोजता येत नाही.