शापाचा वारसा

पूर्वजांच्या कृत्याची फेड वंशजांनी करावी, ही कल्पना आपल्या पांढुर्णा-सौसर भागास नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर गोटे चालवतात, त्यामागे एका पळून जाणाऱ्या युगुलाची कथा सांगितली जाते. एका पिढीने दोन जीव घेतले आणि पुढच्या पिढ्या रक्त सांडून ते ऋण फेडीत आहेत, असा तिचा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. ही कथा इतिहास म्हणून आम्ही स्वीकारीत नाही. परंतु ती ज्या मनोभूमीत रुजली ती खरी आहे. तळतळाट, पितृदोष, कुळदैवताचा कोप हे शब्द आपल्या जुन्या घराण्यांत औषधांच्या नावांइतके परिचित आहेत.

मग ज्याने कुळाचार सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याच्या नातवंडांमागेही हा शाप येतो काय? प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नागपुरास १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले, पुढे छिंदवाड्यास स्वीडिश लुथरन मिशन आले, आणि त्यानंतर एकाच आडनावाची माणसे दोन धर्मांत वावरू लागली. ख्रिस्ती घरात मूल वारंवार आजारी पडले वा मुलीचे लग्न जुळेना, की भाऊकी म्हणते, आजोबांनी देव टाकले त्याचे हे फळ. काही प्रचारक म्हणतात, आजोबांच्या आजोबांनी ते देव पुजले त्याचे हे फळ. दोघांची भांडणे मोठी, पण निदान एकच. आणि त्या निदानापायी वैद्याकडे जाण्यास उशीर होतो, हे दोघांनाही दिसत नाही.

ख्रिस्ती शास्त्राचा कौल शोधला तर निर्गमाच्या दशाज्ञांत बापांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते, हे खरे. परंतु यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ल्याने मुलांचे दात आंबतात ही जुनी म्हणच मोडीत काढली आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्य नेमका हाच प्रश्न विचारतात, आणि येशू आईबापांच्या पापाचे कारण नाकारतो. थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या मराठी 'ख्रिस्तपुराणा'तही आदिपुरुषाच्या पापाची कथा आहेच; पण ते पाप सर्व मानवजातीचे, एखाद्या कुळाचे नव्हे. कुळवृक्ष शुद्ध करण्याची टूम अलीकडची. केनेथ मॅकॉल या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाच्या १९८२ च्या पुस्तकाने तिला बळ दिले, आणि २०२४ साली स्पेनच्या कॅथॉलिक बिशपांनी अशा विधींविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली.

आम्हांस मात्र या वादात कायद्याची बाजू अधिक बोलकी वाटते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला, तेव्हा कलकत्ता-मद्रासकडच्या हिंदूंनी तक्रार केली की, जो श्राद्ध करणार नाही त्याला इस्टेट कशी? तक्रारीत तर्क होता: पिंड आणि जमीन एकत्र चालतात. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजी अंमलाबरोबर हा न्याय इकडेही आला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ ने धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांस व त्यांच्या वंशजांस हिंदू नातलगांच्या मालमत्तेचा वारसा नाकारला. वारसा उघडण्याच्या वेळी ती हिंदू असतील तरच अपवाद. म्हणजे ज्या नातवाला आजोबांच्या हिंदू भावाचे वावर मिळत नाही, त्याच्याच माथी त्या कुळाचा शाप मारायचा. जमीन बांधावर थांबते आणि शाप तेवढा बांध ओलांडून येतो!

भीतीचे सामर्थ्य आपल्या राज्याने ओळखले होते. १९६८ च्या मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियमात 'बळ' या शब्दाच्या व्याख्येत दैवी कोपाची धमकीही धरली होती. तो कायदा १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. २०२१ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. धर्मांतर घडविण्यासाठी घातलेला धाक तेथे गुन्हा ठरला; धर्मांतरितांच्या नातवंडांना भाऊकीने घातलेल्या धाकाची मात्र दखल नव्हती.

उरला ऋणाचा प्रश्न. बापाचे कर्ज फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, कारण न फेडलेले ऋण बापाला परलोकी बाधते, असे आपले धर्मशास्त्र मानीत आले. पण त्याच शास्त्राने दारू आणि जुगार यांपायी केलेले बापाचे कर्ज पुत्रावर बंधनकारक नाही, असेही सांगितले. म्हणजे वाडवडिलांच्या पापाचा बोजा मुलावर टाकण्यास मनू-याज्ञवल्क्यही तयार नव्हते. उरलेल्या कर्जांबाबतचे ते धर्मकर्तव्यही २००५ च्या दुरुस्तीने कायद्यापुरते संपले. त्यापूर्वी घेतलेली कर्जे तेवढी जुन्या नियमाखाली राहिली.