अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल : भीतीनंतर शरीरात काय घडते?

१७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी नागपूरच्या महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. ती पूर्णपणे उठायला २३ मार्च उजाडला. अशा रात्री काचेवर दगड आदळला की घरातल्या माणसाच्या शरीरात दोन संप्रेरके कामाला लागतात. एक झटपट, दुसरे सावकाश.

झटपट ते अ‍ॅड्रेनॅलिन. मेंदूतील अमिग्डला हा भाग धोका टिपतो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांत ते रक्तात सोडतात. छाती धडधडते, श्वासनलिका रुंदावतात, यकृतातली साखर रक्तात उतरते, तोंडाला कोरड पडते. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये याला लढण्याची किंवा पळण्याची तयारी म्हटले. संचारबंदीत यातले काहीच करता येत नाही. कडी लावून बसलेल्या माणसाचे हात थरथरतात, तो भित्रेपणा नव्हे. अ‍ॅड्रेनॅलिनचा स्नायूंवर होणारा तो थेट परिणाम आहे.

रक्तातले अ‍ॅड्रेनॅलिन निम्मे व्हायला दोन-तीन मिनिटे पुरतात. कॉर्टिसॉल मात्र साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर गाठते आणि त्याचा परिणाम तासन्‌तास राहतो. एरवी ते पहाटे वाढते, रात्री उतरते. पण रोज रात्री नवी अफवा, सायरन किंवा मोबाइलवर तोच व्हिडिओ आला, की ही यंत्रणा पुन्हा जागी होते. मग झोप उडते, चिडचिड वाढते, मधुमेहींची साखर आणि अनेकांचा रक्तदाब चढतो.

स्मरणशक्तीचेही तसेच. काच फुटल्याचा आवाज वर्षानुवर्षे लक्षात राहतो, पण आधी काय घडले आणि नंतर काय, हे धूसर होते. एकाच गल्लीतल्या दोघांनी सांगितलेली हकीकत जुळली नाही, तर कोणी खोटेच बोलत असेल असे नाही.

छातीत दुखत असेल तर मात्र ‘घाबरल्यामुळे असेल’ म्हणून थांबू नये. तीव्र धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा पडण्याचा ‘ताकोत्सुबो’ हा विकार जपानमध्ये १९९० मध्ये प्रथम नोंदवला गेला. तो रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत अधिक आढळतो. लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात. तपासणीशिवाय फरक कळत नाही.

धडधड थांबवायला सावकाश, लांब उच्छ्वास उपयोगी पडतो. दचकणे, दुःस्वप्ने महिनाभरानंतरही टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. सरकारच्या ‘टेली मानस’ या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो २४ तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.