कौलं बदलताना खालच्या रिपाही बदलाव्यात का?

पावसाळा जवळ आला की कोकणात घर शाकारण्याची लगबग सुरू होते. फुटलेली दहा-वीस कौलं बदलणं हे दरवर्षीचं काम. पण सगळं छप्पर उतरवून नवी कौलं घालायची ठरली की प्रश्न पडतो: खालच्या लाकडी रिपा तशाच ठेवायच्या की त्याही बदलायच्या?

थोडक्यात उत्तर असं: कौलं पूर्ण उतरवणार असाल आणि रिपा जुन्या असतील, तर त्या बदललेल्या बऱ्या. वासे मात्र तपासून, खराब असतील तेवढेच बदलावेत.

छपराचा भार कोणावर असतो?

कोकणात सर्रास दिसणारं मंगलोरी कौल बाझल मिशनच्या कारखान्यामुळे पसरलं. हा कारखाना १८६५ मध्ये मंगळूरला सुरू झाला. या कौलाच्या मागच्या बाजूला उंचवटा असतो आणि तो रिपेला अडकतो. रिपा वाशांवर आडव्या ठोकलेल्या असतात आणि वासे वर आढ्याला टेकतात.

एका कौलाचं वजन साधारण दोन ते अडीच किलो असतं. म्हणजे हजार कौलांच्या छपराचा भार दोन-अडीच टन झाला. पावसात कौलं पाणी पितात, तेव्हा तो आणखी वाढतो.

रिपा आधी का खराब होतात?

वाशाच्या तुलनेत रीप बारीक असते. कौल तडकलं की पाणी आधी तिच्यावर पडतं. खिळ्याच्या भोकातून ओल आत शिरते, खिळा गंजतो आणि तिथलं लाकूड भुसभुशीत होतं. पागोळीजवळच्या आणि दोन पाखी जिथे मिळतात तिथल्या रिपा सर्वात आधी जातात. साग किंवा फणसाचा जाड वासा मात्र कोरडा राहिला तर पुढच्या पिढीलाही पुरतो.

तपासायचं कसं?

- स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लाकडात दाबा. ते सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय.
- हातोडीने हलके ठोका. पोकळ आवाज आला तर आत वाळवी किंवा भुंगा असू शकतो.
- आढ्यापासून पागोळीपर्यंत दोरी ताणा. वासा मधे झुकला असेल तर लगेच कळतं.
- भिंतीत गेलेली वाशांची टोकं नक्की बघा. तिथली ओल बाहेरून दिसत नाही.

नव्या कौलाचं माप वेगळं असेल तर?

मंगलोरी कौलं सगळीकडे एकाच मापाची मिळत नाहीत. दोन रिपांमधलं अंतर कौलाच्या लांबीवर ठरतं. ते चुकलं तर कौलं एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. माप जुळत नसेल तर रिपा चांगल्या असल्या तरी काढून पुन्हा ठोकाव्या लागतात. म्हणून आधी कौलं आणावीत, चार-पाच कौलं जमिनीवर जोडून मोजावीत आणि मगच सुताराने रिपा ठोकाव्यात. खिळे गॅल्वनाइज्ड असावेत. खाऱ्या हवेत साधे खिळे लवकर गंजतात.

कौलांखाली प्लास्टिक घालावं का?

गळती थांबावी म्हणून अनेकजण कौलांखाली ताडपत्री किंवा प्लास्टिक अंथरतात. त्यामुळे पाणी तात्पुरतं अडतं, पण हवा खेळायची बंद होते. खालची वाफ अडकून लाकूड ओलं राहतं. शिवाय प्लास्टिकवर थेट रिपा ठोकल्या तर आत आलेलं पाणी प्रत्येक रिपेपाशी तुंबतं.

खाली फळ्या असतील आणि पाणी अडवणारा थर घालायचाच असेल, तर त्यावर आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या ठोकाव्यात आणि त्यांच्यावर आडव्या रिपा. मग आत आलेलं पाणी थरावरून पागोळीकडे निघून जातं आणि कौलांखाली हवाही फिरते. हा थर घातला तरी फुटकी कौलं बदलावीच लागतात.

पैसे वाचतात की वाढतात?

रिपांचा खर्च आज वाचला, तरी दोन-तीन वर्षांत त्या मोडल्या तर कौलं पुन्हा उतरवावी लागतात. मजुरी दुप्पट होते आणि चढ-उतारात काही कौलं फुटतात.

त्याहून मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. पुढच्या वर्षी शाकारणीला जो माणूस छपरावर चढेल, त्याचं वजन याच रिपा-वाशांवर असणार आहे. वरून कौलं नवी कोरी दिसत असताना खालची रीप कुजलेली आहे, हे त्याला दिसत नाही.

त्यामुळे काम देताना कौलं, रिपा आणि वासे यांचा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा. कौलं उतरल्यावर, नवी चढण्याआधी, एकदा स्वतः उभं राहून लाकूड बघावं. जुन्या रिपा ठेवायच्या की नाही हे त्याच दिवशी ठरवावं.