तालमीचं दार

आमच्या भोसरीच्या वस्तीत विहारासमोरच्या ओट्यावर संध्याकाळी कराटेचा वर्ग भरतो. शिकवणारा पोरगा दिवसा चाकणला ठेकेदाराकडं राबतो आणि संध्याकाळी पोरांना फुकट शिकवतो. मागच्या महिन्यात मी तिथं एका म्हाताऱ्या वस्तादाला घेऊन गेलो. मातंग वस्तीतला माणूस, लाठी आणि दांडपट्टा हातात मुरलेला. म्हणलं, वस्ताद, चार दिवस पोरांना काठी दाखवा. तर पोरंच कुरकुरली. "सर, आपली स्टाईल वेगळी. मिसळलं की बिघडतं." एक जण हळूच म्हणाला, "त्यांच्याकडनं आपण काय शिकायचं?"

दोस्तांनो, पहिलं वाक्य अज्ञानाचं होतं. दुसरं जातीचं होतं, आणि ते विहाराच्या ओट्यावर बोललं गेलं. म्हणून हा इतिहास लिहितोय.

आपल्यापासनं पंधरा-सोळा किलोमीटरवर पुण्याची गंज पेठ. तिथं लहुजी साळव्यांची तालीम होती. लहुजी पुरंदरच्या पायथ्याचे, 1794 चा जन्म, जातीनं मांग. आपण बसनं रोज ओलांडतो त्या खडकीला 1817 ला इंग्रजांशी लढाई झाली. त्या लढाईत त्यांचे वडील राघोजी पडले, असं परंपरा सांगते. लहुजींच्या तालमीत दांडपट्टा आणि नेमबाजी शिकायला कोण आलं? माळ्याचे जोतीराव फुले आले. ब्राह्मणाचा वासुदेव बळवंत फडके आला. ज्या पुण्यात अस्पृश्याची सावली टाळायचे, त्या पुण्यात हे वस्तादाच्या पायरीशी आले.

आणि वस्ताद नुसता देत बसला नाही, त्यानं घेतलंही. जोतीरावांनी अस्पृश्यांच्या पोरांसाठी शाळा काढली तेव्हा पोरं शाळेत यावीत म्हणून लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग मुलीचा निबंध 1855 ला 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पट्टा इकडनं तिकडं गेला, अक्षर तिकडनं इकडं आलं. लहुजी 1881 ला वारले. पुस्तकांनी फडक्यांना आद्य क्रांतिकारक केलं, वस्ताद मात्र कितीतरी वर्षं एका ओळीत उरकला. 2024 ला सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला. शस्त्राला मान मिळाला. ते चालवणाऱ्या हाताचं काय, हे आपणच विचारायचं आहे.

दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. शाहू महाराजांनी 1902 ला मागासलेल्यांसाठी 50 टक्के जागा राखल्या, हे आपल्याला पाठ आहे. त्याच राजानं पंजाबातले मुसलमान मल्ल कोल्हापुरात आणले, त्यांना आसरा दिला. 1912 ला खासबाग मैदान उघडलं तेव्हा इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती लावली. 'आपलाच डाव भारी' म्हणत कोल्हापूर बसलं असतं, तर कुस्तीची पंढरी झालं नसतं.

तिसरे गोळेश्वरचे खाशाबा जाधव. सगळी कसरत लाल मातीतली. 1948 ला लंडनला गेले तर समोर गादी. तिथं रीस गार्डनर या अमेरिकन मल्लानं त्यांना गादीवरची कुस्ती शिकवली. तेव्हा सहावा नंबर आला. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीनं खाशाबांना सोडलं नाही, आणि खाशाबांनी परक्याचा हात झिडकारला नाही.

आता आमच्या पोरांच्या अभिमानाची गोष्ट. त्यांना वाटतं, भारतातनं बोधिधर्म गेला आणि त्यानं चीनच्या शाओलिन विहारात भिक्खूंना युद्धकला शिकवली. ही दंतकथा फार उशिराची, 1624 च्या एका पोथीतनं पसरलेली. लिहून ठेवलेला इतिहास वेगळाच आहे. 1561 च्या सुमारास यू दायू नावाचा सेनापती शाओलिनला गेला. त्या विहाराची काठी तेव्हाच नावाजलेली. पण त्यानं बघितलं आणि तोंडावर सांगितलं, तुमच्या काठीतला मूळ गाभा हरवलाय. भिक्खू चिडले नाहीत. म्हणाले, मग शिकवा. दोन तरुण भिक्खू त्याच्याबरोबर फौजेत गेले, तीन वर्षं शिकले आणि पुढं शिकलेलं विहारातल्या बाकीच्यांना दिलं. जगात नाव असलेल्या बुद्धविहाराला पाहुण्याकडनं शिकायची लाज वाटली नाही. आपला तर साधा ओटा आहे.

कुणी म्हणेल, सगळंच मिसळलं तर कशात धड होणार नाही. खरं आहे. खाशाबाही आधी मातीत पक्के झाले, मग गादीवर गेले. पण पाया पक्का करणं वेगळं आणि दार लावून घेणं वेगळं. 'आमचंच शुद्ध' हे बोलणं आपण पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. महार-मांग हा भेद वरच्यांनी लावला, हे खरं. पण आज तो सांभाळतंय कोण?

पुढच्या रविवारी मी वस्तादांना पुन्हा आणलं. हळूच बोललेल्या पोराला मी काही बोललो नाही, त्याला पुढं उभा केला. वस्तादांनी त्याची पकड बदलली, खांदा खाली दाबला. पहिल्यांदा काठी त्याच्याच नडगीवर बसली. सगळी हसली, वस्तादही हसले. म्हणाले, "लेकरा, परत."

साथींनो, तुमच्या वस्तीतही असा एखादा म्हातारा असेल. त्याची जात विचारू नका, त्याचे डाव विचारा. तो जायच्या आत विचारा.

जयभीम.