अ‍ॅडमिरल आणि लास्कर : एकाच दर्यावरचे दोन शब्द

इंग्रजी शब्दकोश आपल्या घरात येतो तो बहुधा मुलांच्या शाळेच्या निमित्ताने. अडलेला शब्द पाहायचा, अर्थ उतरवून घ्यायचा आणि कोश मिटून ठेवायचा, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण शब्दाचा अर्थ ही काही आभाळातून पडलेली गोष्ट नव्हे. तो कोणीतरी, कोणत्या तरी काळी, कोणाच्या तरी तोंडून ऐकून लिहून ठेवलेला असतो. बोलणारा कोण होता, ऐकणारा कोण होता आणि त्या दोघांत वरचढ कोण होता, याचा ठसा अर्थावर उमटल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच शब्दकोश हा इतिहासाचाही दस्तऐवज आहे आणि आपण मराठी मुसलमानांनी तो त्या नजरेने एकदा वाचायला हवा.

आपल्या सभासंमेलनांत हा विषय निघाला की एक यादी हमखास वाचली जाते. अल्जिब्रा हा शब्द अरबी 'अल्-जब्र'वरून आला, अल्गोरिदम हा नवव्या शतकातील गणितज्ञ अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून, कॉटन 'कुत्न'वरून आणि मान्सून 'मौसिम'वरून. टाळ्या पडतात आणि व्याख्यान संपते. यादी खरी आहे, तिचा अभिमानही गैर नाही. पण किती शब्द गेले हे मोजून भागत नाही. तिकडे गेल्यावर त्यांचे काय झाले हे पाहावे लागते. माणसाप्रमाणे शब्दही परमुलखात जातो, तेव्हा कोणी त्याला पाटावर बसवते, तर कोणी उंबऱ्याबाहेर उभे करते.

रोजच्या वापरातले दोन शब्द घेऊ. आपल्या घरात 'तारीफ' म्हणजे स्तुती. मूळ अरबीत त्याचा अर्थ ओळख करून देणे, माहिती देणे. भूमध्य समुद्रातल्या बंदरांत हाच शब्द मालावरच्या जकातीच्या दरपत्रकाला लागला आणि इंग्रजीत तो 'टॅरिफ' झाला. दुसरा शब्द 'मखजन', म्हणजे कोठार. युरोपात तो मॅगझिन होऊन दारूगोळ्याच्या कोठारात गेला. १७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्ह याने 'जंटलमन्स मॅगझिन' सुरू केले आणि मजकुराचे कोठार या अर्थाने तो नियतकालिकाला चिकटला. आज मॅगझिन बंदुकीतही असते आणि वाचनालयाच्या टेबलावरही. या देवघेवीत कोणाचा मान गेला नाही, कोणाचा वाढला नाही. व्यापाऱ्याने माल घेतला, मालाबरोबर शब्दही घेतला. मात्र शब्द माणसाच्या हुद्द्याचा असला की गोष्ट बदलते.

'अ‍ॅडमिरल' हा असा एक शब्द. अरबीतील 'अमीर' म्हणजे हुकूम देणारा, सरदार. सिसिली बेटावर दोन शतकांहून अधिक काळ मुस्लिमांची सत्ता होती. अकराव्या शतकात नॉर्मनांनी ते बेट जिंकले. पण जिंकलेल्यांची कारभाराची रीत, कारागिरी आणि दरबारी भाषा त्यांना टाकवली नाही. त्यांच्या दरबारातही 'अमीर' हा हुद्दा राहिला. बाराव्या शतकात राजा दुसरा रॉजर याचा प्रमुख वजीर आणि आरमारप्रमुख होता अँटिऑकचा जॉर्ज. तो धर्माने ख्रिस्ती. पण त्याची पदवी होती 'अमिरांचा अमीर'. तिथून हा शब्द युरोपभर पसरला आणि आरमाराच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला लागला. मधला 'ड' मुळात नव्हता. कौतुक करणे, अचंबा वाटणे या अर्थाचा एक लॅटिन शब्द आहे. युरोपच्या कानाला 'अमीर'मध्ये तोच ऐकू आला आणि 'ड' आत शिरला. चुकीचेच ऐकले, पण आदराने ऐकले. ज्यांच्याकडून शब्द घ्यायचा ते त्या काळी विद्येत आणि दर्यावर्दीपणात पुढे होते, हे घेणाऱ्याला ठाऊक होते.

आता त्याच दर्यावरचा दुसरा शब्द पाहू. फारसीत 'लश्कर' म्हणजे सैन्य आणि 'लश्करी' म्हणजे सैनिक. मराठीत तो आजही 'लष्कर' म्हणून ताठ उभा आहे. पुण्याच्या कॅम्प भागालाही लष्करच म्हणतात. पोर्तुगीज हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनी देशी शिपायाला 'लास्करीम' म्हटले. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि एकेक पायरी खाली नेला. कंपनीच्या तोफखान्यात तोफा ओढणारा आणि तंबू ठोकणारा हलक्या दर्जाचा मजूर म्हणजे लास्कर. पुढे जहाजावर राबणारा हिंदी खलाशी म्हणजे लास्कर. ज्या शब्दात एक अख्खी फौज मावत होती, त्यात एक अनवाणी माणूस उरला.

'सारंग'चीही तीच गत. मूळ फारसी 'सरहंग' म्हणजे सेनानायक. इराणच्या सैन्यात आजही कर्नलला सरहंग म्हणतात. इंग्रजीत 'सेरँग' म्हणजे लास्करांच्या टोळीचा मुकादम. 'नाखुदा' म्हणजे जहाजाचा धनी, ज्याचा आपण कोकणात नाखवा केला. मुंबईच्या जुन्या कोकणी मुस्लिम घराण्यांत ही सन्मानाची उपाधी होती. इंग्रजी कोशात तो देशी गलबताचा तांडेल एवढाच राहिला. शब्द तेच, मुलूख तोच. पण बाराव्या शतकात घेणारा शिकायला आला होता आणि अठराव्या शतकात घेणारा हुकूम द्यायला. अ‍ॅडमिरल वर चढला, लास्कर खाली उतरला. यात शब्दाचा दोष काहीच नाही.

या सगळ्या शब्दांचा मोठा संग्रह १८८६ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघांनी तो अनेक वर्षे खपून तयार केला. ग्रंथ बाहेर आला तेव्हा बर्नेल हयात नव्हते. १९०३ साली विल्यम क्रूक यांनी त्याची वाढीव आवृत्ती काढली. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेले हजारो शब्द, प्रत्येकाचे जुने दाखले, सालवार. अभ्यास म्हणून हे काम थोर आहे आणि त्याच्याशिवाय हा लेखही लिहिता आला नसता. पण त्या कोशाचे नाव काय? 'हॉब्सन-जॉब्सन'. हा शब्द आला कुठून? मोहरमच्या मातमात छाती पिटत उठणाऱ्या 'या हसन! या हुसैन!' या आर्त हाकेवरून. गोऱ्या शिपायांच्या कानांनी ती हाक ऐकली आणि त्यांच्या जिभेने तिचे हॉब्सन-जॉब्सन केले. त्याआधी सुरत-मुंबईत राहून गेलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने तिचेच 'होसेन गोसेन' केले होते. विलायतेत हॉब्सन आणि जॉब्सन ही गावंढळ विदूषकी जोडगोळीची नावे म्हणून चालत. करबलाचा शोक असा नकलाकारांच्या जोडीत जाऊन बसला. पुढे परका शब्द आपल्या भाषेच्या वळणावर मोडून घेण्याच्या क्रियेला भाषाशास्त्रात हेच नाव पडले.

'अमीर' ऐकताना ज्या कानांना कौतुक ऐकू आले, त्याच जातीच्या कानांना 'हुसैन' ऐकताना गंमत ऐकू आली. यूल आणि बर्नेल यांच्या मनात द्वेष होता असे आम्हाला म्हणायचे नाही. त्यांनी मूळ हाक कोणती, हेही कोशात नीट नोंदवले आहे. सत्ता हातात असली की दुसऱ्याचे दुःखही चटकन गमतीचे वाटू लागते, एवढेच त्यातून दिसते.

कोणी म्हणेल, शब्दाचेच तर आहे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? पण अर्थ कोशात थांबत नाही, तो कायद्यात उतरतो. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने ठरवले की लास्कर कंपनीच्या किंवा ब्रिटिशांच्या अमलाखालील मुलखात जन्मलेला असला, तरी त्याला ब्रिटिश खलाशी समजायचे नाही. त्याचे करारपत्र वेगळे, पगार गोऱ्या खलाशाच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याइतका, पुष्कळदा त्याहून कमी. १८९४ च्या विलायती कायद्याप्रमाणे खलाशाला जहाजावर राहण्यासाठी किमान ७२ घनफूट जागा द्यावी लागे. हिंदी कायद्याखाली भरती झालेल्या लास्करासाठी हा आकडा ३६ होता. समुद्र एक, वादळ एक, पण झोपायची जागा निम्मी. १९२५ साली तर ब्रिटनमध्ये असा हुकूम निघाला की काळ्या वर्णाच्या खलाशाने ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद दाखवला नाही, तर त्याने परकीय म्हणून पोलिसांत नाव नोंदवावे. कोशातला अर्थ असा माणसाच्या ताटात आणि अंथरुणात पोहोचतो.

हे लास्कर कोण होते? सिल्हेट आणि चितगावचे, कच्छ-काठियावाडचे, पंजाबचे, मलबारचे आणि आपल्या रत्नागिरीचे. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या ब्रिटिश आगबोटींवर कामाची वाटणी ठरलेली असे. डेकवर कोकणातले आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, भट्टीखान्यात कोळसा टाकायला पंजाबी आणि पठाण, प्रवाशांच्या जेवणखाण्याच्या व्यवस्थेत गोव्याचे ख्रिस्ती. दाभोळ, बाणकोट, जयगड या खाड्यांकाठच्या मुस्लिम वाड्यांत बोटीवरची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सारंग आपल्या गावचीच पोरे भरती करी. सारंग, तांडेल, नाखवा ही नावे आजही कोकणात आडनावे म्हणून नांदतात. इंग्रजी कोशात जे शब्द अनोळखी आणि अडगळीतले म्हणून पडून आहेत, ते आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटावर आहेत.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश जहाजांवर असे सुमारे ५०,००० आशियाई खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, हिंदी खलाशांनी ब्रिटनच्या आणि इतर देशांच्या बंदरांत संप केला. कित्येकांना तुरुंगवास झाला, पण पगार वाढवून घेतल्याशिवाय ते हटले नाहीत. जो माणूस कोशात केवळ हुकमाचा ताबेदार म्हणून नोंदला होता, त्याने आपला अर्थ आपणच दुरुस्त केला. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रावर मृत्यू पावलेल्यांची स्मारके आहेत. पहिल्या युद्धातले २,०००हून अधिक, दुसऱ्यातले ६,०००हून अधिक. काही नौदलाचे, पुष्कळसे व्यापारी जहाजांवरचे. त्यांना कबर मिळाली नाही. आपल्यापैकी किती जणांनी ते स्मारक पाहिले आहे?

या खलाशांची एक स्वतःची भाषाही होती. हिंदुस्थानी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि किनाऱ्याकिनाऱ्याच्या बोली यांची ती खिचडी. तिच्याशिवाय कप्तानाला एक शीडही उभारता येत नसे, म्हणून साहेबालाच ती शिकावी लागली. थॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यात तिचा कोश छापला आणि १८८२ साली तो 'लास्करी कोश' म्हणून लंडनहून पुन्हा निघाला. अलीकडे अमिताव घोष यांनी 'सी ऑफ पॉपीज' या २००८ च्या कादंबरीत याच भाषेत पुन्हा प्राण फुंकला. त्यातले काही शब्द मेलेले नाहीत. गोदीत किंवा बांधकामावर क्रेनचालकाला इशारा देणारा कामगार 'हाबेस' म्हणाला की ओझे वर जाते, 'आरिया' म्हणाला की खाली येते. 'आरिया' हा पोर्तुगीज शब्द. शिडांच्या जहाजांवरून तो लोखंडी क्रेनवर आला, बोलणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या, इशारा टिकला.

रोबक साहेबांनी कोश केला तो हुकूम देता यावा म्हणून. यूल-बर्नेल यांनी केला तो विलायतेतल्या वाचकाला गोडी वाटावी म्हणून. हे शब्द ज्यांच्या तोंडी होते त्यांच्या बाजूने मात्र त्यांचे अर्थ क्वचितच लिहिले गेले. बोटीवरून परतलेल्या बुजुर्गांची पिढी आता फार थोडी उरली आहे. सारंग कोणाला म्हणत, त्याचा वचक कसा असे, कसब म्हणजे सामानाची कोठी सांभाळणारा ही जागा कोणाला मिळे, भंडारी काय रांधी, रमजानचे रोजे डेकवर कसे धरले जात, घरी पैसे कोणाच्या हाती येत आणि मागे राहिलेल्या बाया काय म्हणून वाट पाहत, हे सगळे शब्दांच्या अर्थातच मोडते. कोशात ते एका ओळीत बसत नाही म्हणून ते अर्थाबाहेरचे ठरत नाही.

त्यासाठी मोठी संस्था किंवा अनुदान लागते असेही नाही. एक वही, एक निवांत दुपार आणि आजोबांच्या शेजारी बसण्याची तयारी पुरे. जहाजावरच्या नोकरीची जुनी पुस्तिका घरात असेल तर ती पावसाळ्याच्या ओलीपासून जपावी. तोंडी येणारा प्रत्येक दर्यावरचा शब्द, तो कोकणी बोलीत जसा उच्चारला जातो तसाच, अर्थासह लिहून ठेवावा. 'अमीर'चा अ‍ॅडमिरल दुसऱ्यांनी केला आणि 'लश्करी'चा लास्करही दुसऱ्यांनीच केला. लास्कर या शब्दापुढे आणखी चार ओळी लिहायच्या राहिल्या आहेत. त्या ज्यांना ठाऊक आहेत, ती माणसे अजून आपल्या ओसरीवर बसलेली आहेत.